चौक आणि चौकट

राष्ट्रीय उद्यानांतील छायाचित्रांची एक ठरीव भाषा आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. धुक्यात विरघळणाऱ्या डोंगररांगा, उन्हात पेटलेले गवत, पाणवठ्यावर वाकलेला वाघ. या भाषेचे सारे व्याकरण एका नियमावर उभे आहे : चौकटीत माणूस नको. गुराखी किंवा विजेची तार आड आली, की छायाचित्रकार दोन पावले सरकतो. ही सवय केवळ अभिरुचीची आहे, असे आम्हांस वाटत नाही. तिच्यामागे निसर्गाविषयीची एक भूमिका आहे.

ती भूमिका कायद्यातही डोकावते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २८ अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कोणत्या कारणांसाठी देता येईल हे सांगताना छायाचित्रणाचा स्पष्ट उल्लेख करते, आणि ही तरतूद राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मात्र कलम ३५ मनाई करते. कॅमेरा घेऊन येणाऱ्यास दार किलकिले, गाय घेऊन येणाऱ्यास बंद. या मनाईस सबळ कारणे आहेत, ती आम्ही नाकारत नाही. परंतु रान ही पाहण्याची वस्तू आहे, राबण्याची जागा नव्हे, ही समजूत तिच्यातून बळावते हेही खरे.

या समजुतीची कसोटी डहाणू-तलासरीत लागते. येथे राष्ट्रीय उद्यान नाही. महालक्ष्मीचा सुळका आहे, सागाची राने आहेत, पायथ्याशी भातखाचरे, पश्चिमेस चिकूच्या वाड्या आणि किनाऱ्यालगत ५०० मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी. माणसाला वगळून येथील भूदृश्य टिपू म्हटले तर हाती फारसे काही उरत नाही. उतारावरचे गवतसुद्धा निव्वळ निसर्ग नव्हे. १९४५ साली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, तलासरीजवळच्या झरी गावी त्यांची सभा झाली. त्या लढ्यात गवतकापणीची मजुरी हा एक कळीचा प्रश्न होता. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचलेल्या माणसाला ते गवत पुन्हा नुसते सोनेरी दिसणे कठीण.

याच प्रदेशाने प्राण्यांची आणि डोंगरांची स्वतःची चित्रभाषा घडवली आहे. वारल्यांच्या लग्नचौकात मध्यभागी पालघट देवी असते आणि भोवती झाडे, पाखरे, जनावरे, नाचणारी माणसे. चौकही एका अर्थी चौकटच, पण ती कोणाला बाहेर काढण्यासाठी आखलेली नाही. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ही भिंतीवरची भाषा कागदावर आणि जगापुढे नेली. शिवेवर लाकडात किंवा दगडात कोरलेला वाघोबा असतो, त्याच्यासोबत बहुधा सूर्यचंद्र असतात. वाघबारसेला त्याची पूजा होते. आता येथे वाघ उरलेला नाही, बिबट्या आहे, आणि वाघोबाच्या नावात तोही सामावतो. भय, आदर आणि शेजार यांचा असा मेळ दूरपल्ल्याच्या भिंगातून क्वचितच दिसतो.

कॅमेऱ्याला हे साधणारच नाही, असे मात्र नव्हे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीत नयन खानोलकर यांनी घरांमधल्या बोळातून रात्री जाणारा बिबट्या टिपला. २०१६ साली त्या छायाचित्रास ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत नागरी विभागाचे पारितोषिक मिळाले. त्याचे बळ बिबट्याइतकेच त्या बोळात आहे. बोळ कापला असता, तर उरला असता आणखी एक बिबट्या.

यात पणास काय लागले आहे? जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. ‘सँक्चुअरी’ या वन्यजीवविषयक नियतकालिकाचे संपादक बिट्टू सहगल सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. हे संरक्षण कोणा निर्मनुष्य अरण्यास मिळाले नव्हते, नांदत्या प्रदेशास मिळाले होते. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली वाढवण बंदरास मान्यता दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बंदराची पायाभरणी झाली. बंदर हवे की नको, यावर मतभेद असू शकतात. पण जपण्याजोगे ते फक्त अस्पर्श, असे डोळ्यांना एकदा शिकवले, की खाचरे, वाड्या आणि मासेमारीचा किनारा आपोआप ‘रिकामी जागा’ ठरतात. त्यांच्यासाठी हळहळणारा प्रेक्षकच घडलेला नसतो.

म्हणून तारपा वाजवणारा वारली शोभेसाठी चौकटीत आणून बसवा, असे आमचे म्हणणे नाही. तसे केल्याने माणसाचाही वन्यप्राणीच होतो. आमची अपेक्षा साधी आहे. चित्राखाली भिंगाचा आणि वेगाचा तपशील छापतो, तसे पाड्याचे नाव छापावे. ज्याने माग दाखवला, त्याची हरकत नसेल तर त्याचेही नाव द्यावे. आणि तार, गुराखी किंवा चिमणी आड आली, तर सरकण्यापूर्वी क्षणभर विचार करावा : आड ती आली आहे, की आपण?