रिंग वाजतेय, पण आवाज कुठाय?

ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज म्हटलं की काय आठवतं? रिसेप्शनमागचा तो खोका आणि वायरींचा गुंता. बरोबर? आता हा अख्खा खोका एका सॉफ्टवेअरमध्ये मावतो. नाव ॲस्टेरिस्क. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर या अमेरिकन पोराला स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी एक्स्चेंज हवं होतं. विकतचं परवडेना, म्हणून पठ्ठ्याने स्वतःच लिहिलं. वर जगाला फुकट वाटलं!

माझी एक मैत्रीण घरोघरी नर्स पाठवायचं छोटं ऑफिस चालवते. तिच्या आयटीवाल्या भावाने ॲस्टेरिस्क डॉकरच्या कंटेनरमध्ये बसवलं. फंडा सोपा आहे. सर्व्हर एकच, पण प्रत्येक सॉफ्टवेअरला आपापली बंद खोली. एकाने घोळ घातला तरी शेजारी सुखात. बाहेरची लाइन परवाना असलेल्या कंपनीकडून रीतसर घेतली. पहिला फोन आला, रिंग वाजली, तिने उचलला... आणि शांतता! पलीकडे कुणाची तरी आजी पडलेली असू शकते, बॉस. इथे 'आवाज येत नाहीये' हा जोक नसतो.

गोची अशी की, इंटरनेटच्या फोनमध्ये रिंग आणि आवाज वेगवेगळ्या दारांनी येतात. रिंगचं दार ठरलेलं, पोर्ट ५०६०. आवाजासाठी ॲस्टेरिस्क १०,००० ते २०,००० मधली दारं वापरतं. आणि आवाज कुठे पाठवायचा, तो पत्ता ते स्वतःच सांगतं. कंटेनरमध्ये बसून ते सांगतं खोलीचा आतला पत्ता, १७२.१७ वगैरे. बाहेरच्या जगात तो कुणाला सापडणार?

मग सगळीच दारं उघडायची? मुळीच नाही. डॉकर एकेका दारावर एकेक वॉचमन बसवतं. दहा हजार वॉचमन पोसताना सर्व्हरची मेमरी संपते. त्यापेक्षा लिनक्सवर कंटेनरला थेट होस्टचं नेटवर्क द्या. नाहीतर ॲस्टेरिस्कला बाहेरचा पत्ता सेटिंगमध्ये सांगा आणि शंभरेक दारंच उघडा. एका कॉलला साधारण चार लागतात, छोट्या ऑफिसला शंभर म्हणजे चंगळ. भावाने हेच केलं, आणि आवाज खणखणीत!

तुम्हीही करणार असाल तर तीन गोष्टी. सेटिंग आणि व्हॉइसमेल कंटेनरबाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण कंटेनर उडवला की आतलं सगळं साफ. एक्स्टेन्शन १०१, पासवर्डही १०१ असला बावळटपणा नको. ५०६०चं दार ठोठावत फिरणारे चोर तुमच्या लाइनवरून रातोरात परदेशी कॉल करतात, बिल तुमच्या नावावर. गरज नसेल तर आयएसडी बंदच ठेवा.

आणि वीज किंवा नेट गेलं की हे एक्स्चेंजही गप्प. म्हणून मैत्रिणीच्या टेबलावर एक साधा मोबाइल कायम चार्ज केलेला असतो, आणि त्याचा नंबर प्रत्येक पेशंटच्या घरी लिहून ठेवलेला. फुकटच्या सॉफ्टवेअरला एवढा आधार हवाच ना!