दुर्बीण वीस हजारांची, पोस्टमन सात हजारांचा

परदेशी साइटवर वस्तूच्या फोटोखाली जी किंमत दिसते ना, ती आपल्यासाठी नसतेच मुळी. आपल्यासाठी असते त्याच्याही खालची, मुंगीच्या अक्षरातली ओळ : ‘कस्टम्स ड्यूटी व इतर कर ग्राहकाने भरावेत.’ किती, ते लिहिलेलं नसतं. ते सांगणार पोस्टमन. दारात उभं राहून, शेजारच्या काकूंच्या समोर.

ज्यांना कसलं तरी ‘वेड’ आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. आमच्या फ्लोअरवर एकाला फाउंटन पेनचं वेड, एकीला वॉटरकलरचं, एक जण वीकएण्डला गिटार बडवतो. तिघांचा डायलॉग एकच : ‘पार्सल आलं, पगार गेला!’ मला स्वतःला असं काही वेड नाही. (शूज हे वेड नाही, गरज आहे.) तरी गेले दोन महिने मी कस्टम्सबद्दल इतकं वाचलंय की एखादा सी.ए. गार पडेल. कारण? आमचा चुलतभाऊ.

हा राहतो गावी, मुक्ताईनगरला. केळीची बाग बघतो, आणि थंडीत दर रविवारी पहाटे बाइक काढून हतनूरला पक्षी बघायला जातो. तापी आणि पूर्णा चांगदेवला भेटतात, त्या संगमाच्या खाली हतनूरचं धरण. त्याच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पार हिमालयापलीकडून पाहुणे उतरतात. थापट्या, लालसरी, पट्टकादंब. उतरतात खरे, पण नेमके पाण्याच्या मधोमध. हातातल्या साध्या दुर्बिणीतून दिसतात ते नुसते ठिपके. ठिपक्याला नाव द्यायचं तर स्पॉटिंग स्कोप लागतो, म्हणजे ट्रायपॉडवर बसवायची, लांबचं ओढून आणणारी, एका डोळ्याची दुर्बीण. त्याला हवं ते मॉडेल आपल्याकडे मिळेना. परदेशी साइटवर मात्र हजर. मग फोन आला, ‘ताई, तुझ्याकडे बाहेरचं चालणारं कार्ड आहे नं? मागवून दे. वीस हजाराचाच तं आहे!’

त्या ‘तं’चा हिशोब करू या. आकडे मुद्दाम गोल धरतेय.

स्कोप 20,000 रुपये. तिथून इथवर आणायचा खर्च धरा 3,000. पहिला धक्का इथेच बसतो : ड्यूटी नुसत्या वस्तूवर लागत नाही, ती लागते वस्तू अधिक वाहतूक अधिक विमा, या सगळ्यावर. विमा सोडून देऊ, म्हणजे झाले 23,000. शिवाय डॉलरचा दर तुमच्या बँकेचा नाही, कस्टम्सने जाहीर केलेला. त्यावर मूळ ड्यूटी 10 टक्के, म्हणजे 2,300. आता 25,300. या 25,300वर आयजीएसटी 18 टक्के : 4,554. नीट बघा, ड्यूटीवरसुद्धा जीएसटी लागला. कराला कर! एकूण 6,854 रुपये. मध्येच एखादा सरचार्ज आला तर आणखी थोडे. म्हणजे ‘तीस टक्क्यांच्या आसपास’ एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल, फक्त ते तीस टक्के वीस हजारांवर नाहीत, तेवीस हजारांवर.

आणि हे झालं सरकारचं. कुरिअरने मागवलं तर कंपनी तुमच्या वतीने ड्यूटी भरते आणि ‘आम्ही भरली’ याची वेगळी फी लावते, त्या फीवर परत जीएसटी. परदेशी चलनात कार्ड वापरलं म्हणून बँकही आपला मार्कअप काढून घेते, बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो. आमच्या पेनवाल्या मित्राला एकदा अडीचशे रुपयांच्या ड्यूटीवर त्याहून मोठी फी लागली होती. त्यानंतर तो पोस्टानेच मागवतो. पोस्टाचं पार्सल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसात उतरतं, कस्टम्सवाले तिथेच आकडा घालतात, आणि पोस्टमन ती चिठ्ठी घेऊन दारात येतो. पैसे द्या, पार्सल घ्या. वेळ लागतो, पण कारभार सरळ.

हे ऐकून भाऊ म्हणाला, ‘पण दुकानदार बाहेरून आणतो तेव्हा त्याला पण इतकंच लागतं का?’ प्रश्न साधा, उत्तर मजेशीर. व्यापारी माल आणतो तेव्हा प्रत्येक वस्तूचा आपला वेगळा कोड असतो. दुर्बीण 9005 मध्ये, पुस्तकं 49व्या प्रकरणात, असं. तुम्ही-आम्ही स्वतःसाठी काही मागवलं की ते सगळं एकाच पोत्यात : 9804, ‘वैयक्तिक वापराच्या वस्तू’. ब्रश असो, गिटारचा पेडल असो की दुर्बीण, पोतं एकच, दर एकच. व्यापाऱ्याला भरलेला आयजीएसटी पुढे वळता करून घेता येतो. आपल्याला कुठला? आपण शेवटचे.

आणि हे पोतं अनेक वर्षं चांगलंच महाग होतं. 22 सप्टेंबर 2025पर्यंत त्यावर आयजीएसटी होता 28 टक्के, पान मसाल्याच्या पंगतीतला. मूळ ड्यूटी 20 वरून 10 टक्क्यांवर आणायचं ठरलं ते 2026-27च्या बजेटमध्ये. म्हणजे मी मांडला तो हिशोब चांगल्या दिवसांतला आहे, मंडळी!

हे पोतं किती आंधळं होतं ते 2021च्या दुसऱ्या लाटेत दिसलं. लोक परदेशातल्या नातेवाइकांकडून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मागवत होते. व्यापाऱ्याने आणला तर आयजीएसटी 12 टक्के. मुलाने आईसाठी मागवला तर 28, कारण तो ‘वैयक्तिक वापर’. मे 2021मध्ये सरकारने तोही 12वर आणला, प्रकरण दिल्ली हायकोर्टातही गेलं. श्वास घ्यायचं मशीन आणि छंदाची वस्तू यांत फरक न करणारा नियम असेल, तर पक्ष्यांच्या ठिपक्यांचं त्याला काय पडलंय?

ड्यूटी म्हटलं की आपल्याला आठवते ती सचिनची फेरारी. 2002मध्ये सिल्व्हरस्टोनला खुद्द शूमाकरने त्याला 360 मोडेना दिली, ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केली म्हणून. गाडी भेट, पण भारतात आणायची तर ड्यूटी सुमारे 1 कोटी 13 लाख. सरकारने माफी दिली, त्यावर देशभर गदारोळ झाला, कोर्टात याचिका गेली, आणि शेवटी ती रक्कम फियाटने भरली. तेव्हा आम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर तावातावाने भांडलो होतो. माझं मत तेव्हाही होतं की माफी नको, आजही तेच आहे. कर लावा हो, बिनधास्त लावा. पण कार्ट भरताना आकडा दाखवा.

आता सगळ्यांना सुचते ती आयडिया : ‘पाठवणाऱ्याला सांग, पाकिटावर गिफ्ट लिही.’ बॉस, तो जमाना गेला. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंना ड्यूटी माफ होती, पण डिसेंबर 2019मध्ये परदेशातून बिनड्यूटी भेटवस्तू मागवण्यावरच बंदी आली. अपवाद दोनच : जीव वाचवणारी औषधं आणि राखी. हो, राखी! आणि तीसुद्धा नुसती राखी, तिच्यासोबतचं गिफ्ट नाही. हल्ली बहिणीला न्यू जर्सीहून बिनड्यूटीचा फक्त धागाच पाठवता येतो. किंमत कमी लिहायची ‘युक्ती’ तर विसराच, सापडलं तर माल जप्त आणि वर दंड. कायद्यात एकच छोटी फट आहे : ड्यूटी शंभर रुपयांपर्यंत भरत असेल तर ती घेत नाहीत. शंभर रुपये ड्यूटी म्हणजे वस्तू किती रुपयांची, करा हिशोब. त्यात पक्ष्याचं एखादं स्टिकर येईल.

जगात सगळीकडेच असं आहे का? आता जवळपास हो. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतचं पार्सल बिनड्यूटीचं जायचं. 29 ऑगस्ट 2025ला ती सवलत सगळ्या देशांसाठी बंद झाली, आणि आपल्या पोस्टाने त्याआधीच तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. ते सुरू झालं 15 ऑक्टोबरला, दिवाळीच्या अगदी तोंडावर. त्या वर्षी टेक्सासच्या आमच्या मावशीला चकल्या स्वतः पाडाव्या लागल्या. तिच्या मते ही अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक आहे.

राहतो तो आपला जुना, घरगुती मार्ग : कोणीतरी येणारा गाठायचा. सामानातून आणलं तर 2016च्या नियमांत 50,000 रुपयांपर्यंत सूट होती, 2026च्या नव्या नियमांत ती 75,000 झाली. स्कोप त्यात आरामात बसतो. आमच्या टीममधली एक जण जानेवारीत क्लायंटकडून परत येणार आहे. तिची बॅग आधीच तीन परफ्यूम, एक प्रोटीनचा डबा आणि सासूबाईंच्या मल्टिव्हिटॅमिनने बुक आहे. तरी विचारलंय. वजन विचारून घेतलं तिने, हो म्हणाली नाही.

पण जानेवारीत आला तर अर्धा सीझन गेला. हे मला भावाने सांगेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. पाहुणे नोव्हेंबरपासून यायला लागतात, मार्चमध्ये परतीला लागतात. तो आणि त्याचे तीन मित्र कोणता पक्षी किती दिसला याच्या नोंदी वहीत ठेवतात. त्या वहीत सगळ्यात मोठा आकडा कुठल्या नावापुढे आहे, माहितेय? ‘बदक, ओळखू आलं नाही.’

म्हणून मी फोनवर त्याला पूर्ण हिशोब वाचून दाखवला. वीस हजारांचे तीस होतात, त्यातले जवळजवळ सात हजार पोस्टमनच्या हातात. पलीकडे थोडा वेळ नुसती मोटरची घरघर. मग म्हणाला, ‘आपली केळी दुबईला जाऊ राहिली कंटेनरनं. अन् एक काच इकडं यायला इतकं?’

चौघांनी मिळून साडेसात-साडेसात हजार काढायचं ठरवलंय. स्कोप आठवड्याला एकाच्या घरी राहील, रविवारी धरणावर. पहिला आठवडा कोणाचा यावर अजून भांडण चालू आहे. माझं कार्ड तयार आहे.