नमुना प्रयोगशाळेत, पळवाट कायद्यात

20 ऑगस्ट 1989 च्या पहाटे लंडनमध्ये टेम्स नदीवर ‘मार्शनेस’ या विहारनौकेला ‘बोबेल’ हे वाळू उपसणारे अवजड जहाज धडकले आणि 51 जणांचा बळी गेला. बोबेलच्या कप्तानाने आदल्या दुपारी बिअर घेतली होती, ही बाब पुढे उजेडात आली. न्यायमूर्ती क्लार्क यांच्या चौकशीने जलवाहतुकीतही मद्यमर्यादेचा कायदा असावा, अशी शिफारस केली. ‘रेल्वे व वाहतूक सुरक्षा कायदा, 2003’चा चौथा भाग हे त्याचेच फलित.

हा कायदा व्यावसायिक खलाशांच्या बाबतीत कठोर आहे. 2015 साली त्यांच्यासाठीची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तामागे 80 मिलिग्रॅमवरून 50 वर आणली गेली. श्वासातील मर्यादा 25 मायक्रोग्रॅम झाली. इंग्लंडच्या रस्त्यावर मोटारचालकाला तेव्हा 80 ची मुभा होती. मनिला येथे 2010 मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकांशी ही मर्यादा जुळते; ब्रिटिश जहाजावर काम करणाऱ्या भारतीय अधिकाऱ्यालाही ती लागू आहे. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

तपासणीची पद्धत रस्ते वाहतूक कायद्यातूनच घेतली आहे. श्वासाचे दोन नमुने घेतात आणि त्यांपैकी कमी आकडा ग्राह्य धरतात. रक्त घेतल्यास त्याचे दोन भाग करतात. आरोपीने मागितल्यास एक भाग त्याला मिळतो, म्हणजे तो स्वतंत्र तपासणी करून घेऊ शकतो. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने मद्यार्काचे प्रमाण मोजले जाते. ही काळजी अनाठायी नाही. मँचेस्टरमधील एका खासगी प्रयोगशाळेतील नोंदींमध्ये फेरफार झाल्याचा संशय 2017 मध्ये उघड झाला, तेव्हा सुमारे 10 हजार प्रकरणांची फेरतपासणी हाती घ्यावी लागली.

परंतु खरी उणीव प्रयोगशाळेत नसून कायद्याच्या अंमलबजावणीत आहे. हौशी नौकाचालकांसाठी याच कायद्यात कलम 80 आहे. ते संसदेने संमत केले, मात्र त्यातील शिक्षेची तरतूद आजतागायत अमलात आलेली नाही. डिसेंबर 2015 मध्ये टेम्सवर वेगवान नौका उलटून एका तरुणीचा मृत्यू झाला. तिने व नौकामालकाने मद्यपान केले होते. त्याला 2018 मध्ये शिक्षा झाली ती घोर निष्काळजीपणामुळे झालेल्या मनुष्यवधाबद्दल. 2003 च्या कायद्यातील मद्यमर्यादा त्याला लागूच नव्हती. काही बंदर प्राधिकरणांचे स्वतःचे उपनियम आहेत. पण उपनियम त्या त्या हद्दीपुरते असतात, देशव्यापी कायद्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

अमली पदार्थांबाबत व्यावसायिकांच्या कलमातही पोकळी आहे. इंग्लंड व वेल्समध्ये 2 मार्च 2015 पासून मोटारचालकांसाठी ठराविक पदार्थांची रक्तातील मर्यादा ठरलेली आहे. गांजातील टीएचसीसाठी ती लिटरमागे 2 मायक्रोग्रॅम आहे. जहाजांसाठी अशी मर्यादा नाही. तेथे पदार्थामुळे कर्तव्यक्षमता बिघडली होती, हे अभियोग पक्षाला सिद्ध करावे लागते. प्रयोगशाळा पदार्थ किती होता हे सांगू शकते. खलाशी सुकाणू सांभाळण्याच्या स्थितीत होता की नव्हता, हे केवळ त्या आकड्यावरून ठरत नाही.

हौशी नौकानयनावर निर्बंध नकोत, हा युक्तिवाद जुना आहे आणि तो सर्वस्वी निराधारही नाही; कालव्यावर संथ गतीने चालणारी नौका आणि टेम्सवरील वेगवान नौका एकाच मापाने मोजू नयेत. पण लहान व मंदगती नौकांना वगळण्याची सोय कलम 80 मध्येच आहे. मग ते पडून का राहावे, याचे समाधानकारक उत्तर एकाही सरकारने दिलेले नाही.

उन्हाळ्यात आपल्यापैकी अनेक कुटुंबे नॉरफोक ब्रॉड्समध्ये नौका भाड्याने घेतात. कायदा जागा होईपर्यंत सुकाणू धरणाऱ्याने मोटारीचा नियम स्वतःहून पाळावा, हेच शहाणपणाचे. मार्शनेसच्या मृतांच्या आप्तांनी चौकशीसाठी दहा वर्षे झगडून जे मिळवले, ते निम्मेच अमलात राहणे ब्रिटनला शोभणारे नाही.