वेधशाळेची थट्टा

वेधशाळेने मुसळधार पाऊस सांगितला की छत्री खुशाल घरी ठेवावी, हा विनोद गिरगावातल्या आमच्या चाळीत माझ्या लहानपणापासून चालत आलेला. मीही तो पुष्कळदा केला आहे. २६ जुलै २००५ नंतर मात्र तो माझ्या तोंडून निघालेला नाही.

त्या वेळी मी फोर्टमधल्या एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. दुपारी कुर्ल्याला राहणाऱ्या एक सहकारी बाई लवकर निघू का, म्हणून विचारायला आल्या. तिकडे फार पडतोय, असा घरून फोन होता. मी खिडकीबाहेर पाहिले. नेहमीचा जुलैतला पाऊस. म्हटले, ''बाई, कॅश जुळली की निघा.'' बाई घरी पोहोचल्या दुसऱ्या दिवशी दुपारी. शीवच्या पुढे छातीएवढ्या पाण्यातून. त्यांची शाळकरी मुलगी रात्रभर शेजाऱ्यांकडे. बाईंनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही.

पुढे आकडे आले. चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर, सांताक्रूझला ९४४. मधले अंतर वीस-बावीस किलोमीटरांचे. म्हणजे मी पाहिले ते खोटे नव्हते. पण ते फक्त कुलाब्याकडचे होते.

असे का होते? नैऋत्येचे बाष्पाने भरलेले वारे अरबी समुद्रावरून येतात आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी. वारे वर चढतात, थंड होतात, ओझे खाली टाकतात. एवढा ढोबळ अंदाज दोन-तीन दिवस आधी देता येतो. पण धो धो कोसळणारे उंच ढग काही किलोमीटर रुंदीचे असतात आणि तास-दोन तासांत उभे राहतात. असा ढग परळवर रिता होणार की ठाण्यावर, हे आदल्या दिवशी छातीठोकपणे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून वेधशाळा शक्यता सांगते आणि आपण ती हमी समजून ऐकतो.

२००५ साली मुंबईत डॉपलर रडार नव्हते. ते पुढे कुलाब्याला आले, २०२२ साली वेरावलीला दुसरे. पाऊस, भरती आणि जमिनीची उंची यांचा मेळ घालून कुठल्या भागात पाणी साचेल हे सांगणारी 'आयफ्लोज' यंत्रणा २०२० मध्ये सुरू झाली. मुंबईला या मेळाचीच गरज आहे. जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेली. मोठ्या भरतीला पाणी समुद्रात जायचे सोडून उलटे येते. हिंदमाता तर बशीच. तिथले पाणी भरती उतरेपर्यंत साठवायला आता जवळच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या आहेत.

मग लालबागच्या आईला काय सांगायला हवे? 'जिल्ह्यात २०४ मिलिमीटरांहून अधिक पावसाची शक्यता' या वाक्याने तिला काही कळत नाही. 'दुपारी भरती आहे, हिंदमाताला दोन ते पाच पाणी भरण्याचा संभव, मुलांना आधी घरी आणा' हे कळते. यंत्रे इतकी जवळ आली, तर भाषाही गल्लीपर्यंत आली पाहिजे. आणि दर पावसाळा संपला की किती इशारे खरे ठरले, किती फुकट गेले, याचा साध्या मराठीत ताळेबंद छापावा. विश्वास ताळेबंदाने वाढतो, हे बँकवाल्याला सांगावे लागत नाही.

पण आपलीही बाजू आहे. लाल इशारा मिळतो, शाळा बंद होतात, आणि लख्ख ऊन पडते. की आपली थट्टा सुरू! बँकेत आम्ही नीट फिटणाऱ्या कर्जांवरही थोडी तरतूद करून ठेवत असू. कर्ज फिटले म्हणून तरतूद चुकली, असे कोणी म्हणत नसे. फुकट गेलेली सुट्टी ही तशीच तरतूद आहे. तिला हसत राहिलो, तर इशारा देणारा पुढच्या वेळी कचरेल, आणि नेमका तोच दिवस २६ जुलैचा असेल.

खिडकीतून दिसतो तेवढाच पाऊस नसतो, एवढे मी त्या दिवशी शिकलो. त्याची किंमत मात्र दुसऱ्याच कोणी तरी मोजली.