तापलेले तेल : स्वयंचलित गिअरबॉक्स आणि आडवाटेचा इतिहास

#थ्रेड

१/ चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या गाड्यांचे शौकीन जेथे जमतात, तेथे एक निकाल आधीच लागलेला असतो : आडवाटेवर स्वयंचलित गिअर दगा देतो, खरी गाडी ती मॅन्युअल गिअरचीच. या निकालामागे एक खरे निरीक्षण आहे आणि एक चुकीचा निष्कर्ष. वाळूत, चिखलात आणि लांबच लांब चढावर स्वयंचलित गिअरबॉक्स जळतात, हे निरीक्षण. ही यंत्रणा मुळातच शहरी चैनीसाठी जन्मली आणि म्हणून रानात टिकत नाही, हा निष्कर्ष. इतिहासाची साक्ष या निष्कर्षाच्या विरोधात जाते.

२/ १९३९ च्या अखेरीस जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी ‘हायड्रा-मॅटिक’ बाजारात आणला. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला हा पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स. त्यामागे अर्ल थॉम्पसन या अभियंत्याचे कर्तृत्व होते. मॅन्युअल गिअर टाकताना होणारी दातांची कुरकुर थांबवणारी सिंक्रोमेश योजनाही त्याचीच. त्याच्या नव्या पेटीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये फ्लुइड कपलिंग होते : समोरासमोर दोन पंखे, मध्ये तेल. एक पंखा तेलाला फिरवतो, तेल दुसऱ्याला फिरवते. ही मूळ कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याची, १९०५ ची, आणि तीही जहाजांसाठी.

३/ हा गिअरबॉक्स नागरी गाड्यांत रुळतो न रुळतो तोच त्याला रणगाड्यात बसवण्याची वेळ आली. १९४१ च्या सुमारास अमेरिकेच्या हलक्या स्टुअर्ट रणगाड्यांसाठी लागणाऱ्या इंजिनांची टंचाई निर्माण झाली, कारण ती विमानांची इंजिने होती आणि विमानांना त्यांची अधिक निकड होती. कॅडिलॅकने पर्याय पुढे केला : मोटारीची दोन व्ही-८ इंजिने, प्रत्येकाला स्वतंत्र हायड्रा-मॅटिक. लष्करी अधिकारी साशंक होते. तरीही १९४२ मध्ये एम-५ या नावाने त्याचे उत्पादन सुरू झाले. (त्याला एम-४ म्हणायचे ठरत होते, परंतु शर्मन रणगाड्याशी घोटाळा होईल म्हणून आकडा बदलला.) पुढे १९४४ चा एम-२४ शॅफीही हीच जोडी घेऊन आला. युद्धानंतर जनरल मोटर्सने आपला गिअरबॉक्स ‘रणांगणावर पारखलेला’ म्हणून विकला. जाहिरातीतले ते विधान, एरवीच्या मानाने, बरेच खरे होते.

४/ या प्रकरणाचा एक धागा भारतात येतो. १ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजी ला खिंडीत, सुमारे साडेअकरा हजार फुटांवर, ७ लाइट कॅव्हलरीच्या स्टुअर्ट रणगाड्यांनी केलेली चढाई प्रसिद्ध आहे. मद्रास सॅपर्सनी खेचरांची पायवाट रुंद करून दिली, रणगाडे सुटे करून श्रीनगरमार्गे गुपचूप वर नेण्यात आले, आणि लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांच्या नेतृत्वाखाली ते बर्फातून खिंडीत शिरले. जनरल थिमय्या यांची ही योजना रणगाडायुद्धाच्या इतिहासात नोंदली गेली. ते रणगाडे एम-५ जातीचे, म्हणजे दोन-दोन स्वयंचलित गिअरबॉक्स असलेले होते, ही गोष्ट मात्र या कथेत सहसा कुणी सांगत नाही.

५/ मग बदनामी कोठून आली? तिचे एक मूळ १९५० च्या दशकातील अमेरिकी लष्करी ट्रकांत सापडते. युद्धोत्तर काळात अडीच टनी ट्रकाचे दोन आराखडे एकाच वेळी सेवेत आले. रिओ कंपनीच्या घराण्यात एम-३५, मॅन्युअल पाच गिअरचा. जीएमसीच्या घराण्यात एम-१३५ आणि एम-२११, हायड्रा-मॅटिकचे. चालवायला दुसरा सोपा : नवख्या शिपायाला क्लच जाळण्याची संधीच मिळत नसे. पण अखेर लष्कराने एम-३५ लाच प्रमाण मानले आणि तो ट्रक पुढे अनेक दशके धावत राहिला. जीएमसीचे ट्रक बाजूला पडले.

६/ शौकिनांच्या चर्चेत हा प्रसंग ‘लष्करानेही स्वयंचलित गिअर नाकारला’ असा सांगितला जातो. येथे थांबून विचार करणे आवश्यक आहे. लष्करी कारखान्यातील सामान्य फिटरला मॅन्युअल गिअरबॉक्स उघडून दात मोडलेला गिअर डोळ्यांनी दिसतो. हायड्रा-मॅटिकमध्ये त्याला दाबाच्या नळ्या, झडपा, क्लचप्लेटांच्या थप्प्या आणि घट्टपणा मोजून ठेवायचे पट्टे दिसत. तेथे बिघाड दिसत नाही; दाबमापक लावून तो अनुमानाने शोधावा लागतो. ज्या संस्थेकडे असे प्रशिक्षण आणि सुटे भाग नाहीत, तिच्यासाठी उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते. अर्थात ही मर्यादा दुरुस्तीव्यवस्थेची होती. याचा पुरावा शेजारीच आहे : कॅनडाच्या सैन्याने त्याच एम-१३५ घराण्याचे ट्रक स्वदेशी बांधून घेतले आणि दशकानुदशके वापरले.

७/ अमेरिकी लष्करानेही पुढे आपलाच निकाल फिरवला. १९८० च्या दशकात आलेल्या पाच टनी एम-९३९ ट्रकांना ॲलिसनचे स्वयंचलित गिअरबॉक्स होते. त्याच दशकातील हमव्हीला तर टर्बो हायड्रा-मॅटिक ४००, हायड्रा-मॅटिकचाच वारसदार. गंमत अशी की, हाच तीन गिअरचा गिअरबॉक्स रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोमध्येही होता आणि जीप वॅगोनिअरमध्येही. एकच पेटी लंडनच्या गालिच्यावरून आणि वाळवंटातल्या दगडांवरून चालली. तिला ‘नाजूक’ म्हणणाऱ्यांनी यापैकी कोणते घर लक्षात ठेवले, हे सांगायला नको.

८/ आता मूळ दोषाकडे. टॉर्क कन्व्हर्टर हा फ्लुइड कपलिंगचा सुधारलेला भाऊ : दोन पंख्यांच्या मध्ये तिसरा, तेलाला वळण देणारा. त्यामुळे गाडी जागच्या जागी जोर लावत असताना इंजिनाचा पीळ साधारण दुपटीपर्यंत वाढतो. मोठ्या दगडावर चाक अलगद चढवायला याहून सोयीचे साधन नाही. परंतु चाक थांबलेले आणि इंजिन फिरणारे, अशा अवस्थेत इंजिनाने दिलेली सगळी शक्ती तेल घुसळण्यात जाते आणि उष्णता होते. वाळूत रुतलेली गाडी ४० अश्वशक्ती खर्च करून जागची हलत नसेल, तर ती सुमारे ३० किलोवॅट उष्णता तेलात ओतत असते. घरगुती २ किलोवॅटचे पंधरा गिझर एकाच वेळी आठ-दहा लिटर तेलात बुडवून चालू केल्यासारखे हे आहे.

९/ ही उष्णता बाहेर काढायला बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या टाकीत एक छोटा कूलर असतो. महामार्गावर वारा भरपूर, घसरण नगण्य. तेथे तो पुरतो. रानात नेमके उलटे : घसरण अधिकतम, वारा जवळजवळ शून्य, आणि रेडिएटरची जाळी चिखलाने लिंपलेली. तेल साधारण १२० अंशांपुढे रेंगाळले की ते झपाट्याने जुने होते, सील कडक होतात, झडपांवर लाखेसारखा थर चढतो. झडपा अडकल्या की दाब पडतो, दाब पडला की क्लचप्लेटा घसरतात, घसरल्या की आणखी उष्णता. या चक्राच्या शेवटी जो करपट वास येतो, तो एकदा घेतलेला मिस्त्री विसरत नाही.

१०/ उष्णतेखेरीज पाण्याचाही मार्ग आहे. तापलेला गिअरबॉक्स थंड ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून पाणी आत ओढले जाते. क्लचप्लेटांचे अस्तर कागदासारख्या तंतूंचे असते. पाण्याने ते फुगते आणि सुटते. २००५ नंतरच्या काही निस्सान पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटिअर गाड्यांत तर ओढ्याचीही गरज पडली नाही : रेडिएटरमधील कूलरच फुटून शीतक द्रव तेलात मिसळत असे आणि गिअरबॉक्समध्ये गुलाबी दुधासारखे मिश्रण तयार होई. अमेरिकेत त्यावरून ग्राहकांनी सामूहिक दावे लावले.

११/ जीप रँग्लरचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे, कारण त्या गाडीच्या खडकाळ वाटांवरील हक्काबद्दल कुणाला शंका नाही. २००७-०८ च्या स्वयंचलित रँग्लर गाड्या उत्पादकाला परत बोलवाव्या लागल्या. कारण असे की, गिअरबॉक्समधील तेल उकळून बाहेर सांडू शकत होते, तापलेल्या भागांवर पडून आग लागू शकत होती, आणि चालकाला तापमानाची पूर्वसूचना देणारी व्यवस्थाच त्यांत नव्हती. चालकाला काही कळू न देणे, हाच येथील दोष होता.

१२/ इंजिनाच्या तापमानाचा काटा गाडीत असावा, याबद्दल गेल्या कित्येक पिढ्यांत कुणी वाद घातलेला नाही. गिअरबॉक्सचे तेल इंजिनाइतकेच तापते, कित्येकदा अधिक; आजच्या जवळपास प्रत्येक स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये ते मोजणारा संवेदकही असतोच, कारण संगणकाला गिअर बदलताना ते तापमान लागते. म्हणजे आकडा गाडीला ठाऊक असतो. अनेक उत्पादक तो चालकाला दाखवत नाहीत. थेट धोक्याचा दिवा लावतात, आणि तोवर चढाच्या मध्यावर गाडी शक्ती कमी करून मोकळी झालेली असते. याला तांत्रिक अडचण म्हणता येणार नाही. ग्राहकाला घाबरवू नये, हा विक्रीविभागाचा विचार आहे, आणि तो निषेधार्ह आहे.

१३/ त्याहून निषेधार्ह बाब म्हणजे जाहिरात आणि हमीपत्र यांतील अंतर. जाहिरातीत गाडी नदी चिरत जाते. हमीपत्राच्या बारीक अक्षरांत ‘गैरवापर’ हा शब्द दबा धरून बसलेला असतो. जी गाडी पाणी, वाळू आणि चढ यांच्या नावाने विकली जाते, तिच्या बाबतीत पाणी, वाळू आणि चढ हा गैरवापर कसा ठरतो?

१४/ हा प्रश्न आता महाराष्ट्राचाही आहे. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलीज जीप जोडायला घेतली, तेव्हापासून अनेक दशके येथील जीप म्हणजे मॅन्युअल गिअर हे समीकरण होते. घाटातल्या कोणत्याही गॅरेजात ती उघडता येई. २०२० च्या थारला नाशिकच्या कारखान्यातूनच सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टर असलेला स्वयंचलित पर्याय मिळाला आणि समीकरण बदलले. कोकणच्या किनाऱ्यांवर वाळूत रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या दर हंगामात येतात. (किनाऱ्यावर गाडी घालणे हाच मुळात अपराध, हा भाग वेगळा.) त्यांत स्वयंचलित गाड्यांचे प्रमाण वाढत जाणार हे उघड आहे, आणि तालुक्याच्या गावी दाबमापक घेऊन बसलेला फिटर अजून विरळाच आहे. १९५० च्या दशकातील अमेरिकी लष्कराची अडचण हीच होती.

१५/ तेव्हा शौकिनांनी आपला राग यंत्राऐवजी दोन ठिकाणी वळवावा. एक, तेलाचे तापमान अंशांत दाखवणारा काटा किंवा आकडा, ‘ऑफ-रोड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक स्वयंचलित गाडीत बंधनकारक व्हावा. दोन, रेडिएटरपासून स्वतंत्र असा पुरेसा मोठा कूलर कारखान्यातूनच यावा. आज तो कित्येकदा ‘टोइंग पॅकेज’ या नावाखाली वेगळ्या पैशांत मिळतो किंवा मिळतच नाही.

१६/ तोवर एवढे लक्षात असावे. वाळूत शिरण्यापूर्वी फोर-लो टाकावा, म्हणजे कन्व्हर्टरची घसरण कमी होते. चाकांतील हवा कमी करावी. गाडी रुतली तर ॲक्सिलरेटर दाबून धरू नये. दिवा लागलाच तर सपाट जागी थांबून, हॅन्डब्रेक लावून, गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये घ्यावा आणि इंजिन चालू ठेवावे : घुसळण थांबते, पण पंप तेलाला कूलरमधून फिरवत राहतो. घाबरून किल्ली फिरवली की पंपही थांबतो आणि तापलेले तेल आहे तेथेच राहते. ओढा ओलांडायचा असेल तर आधी काही मिनिटे थांबून पेटी निवू द्यावी. आणि परतल्यावर तेलाचा रंग पाहावा. गुलाबी दूध दिसले तर गाडी चालू न करता ओढूनच न्यावी, तीही ट्रान्सफर केस न्यूट्रलला ठेवून किंवा चारही चाके उचलून.