मोर्च्यात एक फलक आंग्रियाचा

डिसेंबर आला की नागपुरात मोर्चे निघतात. कापूस, धान, अनुशेष, वेतन. यंदा एखादा फलक समुद्रतळासाठीही हवा. हसू नका. समुद्र इथून लांब आहे खरा, पण महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे आणि कोकणचे आमदारही अधिवेशनापुरते का होईना, इथेच सापडतात.

विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात बुडालेले एक पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर. कान्होजी आंग्र्यांवरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. २०१९ च्या डिसेंबरात संशोधकांची मोहीम तिथे जाऊन आली. तिथे प्रवाळ आहेत, आणि प्रवाळांच्या आधाराने राहणारे स्पंज.

शाळेत आपण ‘रंध्रीय संघ’ म्हणून पाठ केला, तो हा प्राणी. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही. म्हणून तो रसायनांच्या बळावर तगतो. १९५० च्या सुमारास वेर्नर बर्गमन यांना कॅरिबियन स्पंजात काही अनोखी संयुगे सापडली. त्यांच्या धर्तीवर घडवलेल्या सायटाराबिनला १९६९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते. विदर्भातून, छिंदवाडा-बालाघाटहून उपचारासाठी नागपूर गाठणाऱ्यांचाही त्याच्याशी संबंध येतो.

पण खरा कारागीर अनेकदा स्पंज नसतोच. काही स्पंजांच्या वजनाचा तिसरा हिस्सा जिवाणूंचा असतो. थिओनेला स्पंजात पॉलिथिओनामाइड नावाचे ४८ अमिनो आम्लांचे जहाल पेप्टाइड मिळते. ते आतला एंटोथिओनेला जिवाणू बनवतो. असे बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत. स्पंज गेला की तेही गेले, आणि त्यांच्या जनुकांतली कृतीही.

म्हणून स्पंज खरवडून आणा, असे कुणी म्हणत नाही. न्यूझीलंडच्या एका टन स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन हे औषधी संयुग निघाले जेमतेम ३०० मिलिग्रॅम. शेवटी रसायनतज्ज्ञांनी त्या रेणूचा सुटसुटीत भाग प्रयोगशाळेत घडवला. त्यातून आलेल्या एरिबुलिनला २०१० मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. नमुना थोडासाच लागतो. तो घ्यायला स्पंज जिवंत उरला पाहिजे, एवढेच. तळ खरवडणारे ट्रॉलचे जाळे एका फेरीत वर्षानुवर्षांची वाढ उखडते.

आंग्रिया राज्याच्या सागरी हद्दीबाहेर असल्याने १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्रालाच संरक्षण द्यावे लागेल. विधिमंडळाने तसा आग्रह धरणारा ठराव करावा. मात्र मालवणसारखे नको. तिथे १९८७ मध्ये अभयारण्य झाले, पण मच्छीमारांचा विरोध काही मावळला नाही. या वेळी आधी त्यांच्याशी बोला.

तुमच्या आमदाराला अधिवेशनापूर्वी पत्र लिहा, प्रत जैवविविधता मंडळाला द्या. मागण्या दोनच ठेवा: आंग्रियावर तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना बंदी, आणि स्पंजांबरोबर त्यांच्यातल्या जिवाणूंचीही नोंद.