तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे?

सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर, बहुधा केसपेपरच्या खिडकीशेजारी, एक पेटी टांगलेली असते. 'तक्रार व सूचना पेटी' अशी अक्षरे तिच्यावर रंगवलेली असतात आणि कुलूप गंजलेले असते. नातलगांच्या दुखण्यापायी अशा बऱ्याच पेट्या मी पाहिल्या. एका तालुक्याच्या गावी मी सहज विचारले, की हिची किल्ली कुणाकडे असते? कारकुनाने शिपायाकडे बोट दाखवले, शिपायाने सिस्टरकडे. सिस्टर हसून म्हणाल्या, "अहो काका, तिच्यात चिठ्ठी टाकतो कोण?"

प्रश्न रास्त होता. आपला माणूस खाटेवर आहे, रात्री सलाइन संपले तर याच सिस्टरला उठवायचे आहे, अशा वेळी तक्रार लिहिण्याची छाती कुणाची होणार? घरी सोडल्यावर तर दवाखान्याची पायरीच नको वाटते. आणि खेड्यात परिसरात एकच प्राथमिक आरोग्य केंद्र असते. आज ज्यांच्याविरुद्ध लिहायचे, त्यांच्याच दारात उद्या सुनेला बाळंतपणासाठी न्यायचे असते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. आपल्याला काय मिळायला हवे होते, हेच ज्याला ठाऊक नाही, तो कशाची तक्रार करणार? केंद्रातले औषध बाहेरून विकत आणायला लावले, तरी आजीबाई म्हणतात, "डॉक्टर लई चांगले, हात लावून तपासलं त्यांनी." हे समाधान खोटे नव्हे, पण त्यावरून सेवेचा दर्जा ठरवू लागलो तर ज्यांची अपेक्षा सर्वांत कमी, त्यांचाच दवाखाना सर्वांत उत्तम ठरायचा! केंद्र सरकारने 2016 मध्ये 'मेरा अस्पताल' नावाची योजना काढली. रुग्णाला मोबाइलवर संदेश किंवा फोन करून 'समाधान झाले का' असे विचारायचे. उपक्रम वाईट नव्हता. पण फोनवर एकट्या माणसाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एकट्याचेच राहते, आणि पुढे त्याचे काय झाले हे त्याला कळतेच असे नाही.

याहून फार वेगळा प्रयोग आपल्याच राज्यात झाला होता. शहरी वाचकांना त्याची फारशी माहिती नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यात सेवांवर लोकांनीच देखरेख करावी अशी तरतूद होती. 2007 मध्ये नऊ राज्यांत तिची सुरुवात झाली. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे निवडले गेले. पुण्याच्या 'साथी' संस्थेने समन्वय केला आणि स्थानिक संघटनांनी गावपातळीवरचे काम उचलले.

गावकऱ्यांनी एकत्र बसून प्रश्नांची उत्तरे द्यायची. नर्सबाई ठरल्या दिवशी येतात का? लसीकरण होते का? औषधे केंद्रात मिळतात की चिठ्ठी लिहून देतात? पैसे मागतात का? उत्तरांवरून प्रत्येक सेवेला रंग द्यायचा. चांगली असेल तर हिरवा, बेताची असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही तो तक्ता वाचता यायचा. पुढे जनसुनवाई. मांडव घालून, आरोग्य अधिकाऱ्यांना समोर बसवून, लोकांनी आपले अनुभव सांगायचे आणि अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचे.

मला यातले मर्म असे वाटते, की इथे तक्रार एकट्याची राहिली नाही. गावाने मिळून रंगवलेल्या लाल चौकोनाबद्दल कोणत्या सिस्टरने कुणावर डूख धरायचा? शिवाय डॉक्टरांनाही बोलायची जागा मिळाली. औषधे वरूनच आली नाहीत, पद वर्षभर रिकामे आहे, हे त्यांनी गावासमोर सांगितले, की रोख आपोआप जिल्ह्याकडे आणि मुंबईकडे वळतो. अर्थात रिकामी पदे गावाने भरता येत नाहीत. नर्सबाईंच्या फेऱ्या सुरू होणे आणि सर्जन मिळणे यांत फार अंतर आहे. सुरुवातीला डॉक्टरमंडळींना हे सारे न्यायालयात उभे केल्यासारखे वाटले, आणि काही जनसुनवायांत आवाज चढलेही. चढू द्यावेत. मांडवातला चढलेला आवाज मुक्या पेटीपेक्षा बरा.

कायद्याचे म्हणाल, तर तिथे एक मौजच आहे. डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला. पण जिथे सर्वांनाच उपचार फुकट, असे रुग्णालय त्यातून वगळले. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने आपल्या रुग्णालयांतले उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत केले. गरिबाच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट, तिचे स्वागतच आहे. पण 1995 च्या तर्काने पाहिले, तर केसपेपरचे चार पैसे वाचले आणि ग्राहक म्हणून दाद मागण्याची वाट अरुंद झाली! म्हणूनच मोफत सेवेला जनसुनवाईची जोड अधिक हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक आरोग्य केंद्रात वर्षातून एकदा, बाजाराच्या दिवशी.

खासगी रुग्णालयांना यातून सूट नको. राज्याच्या 2021 च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक तिथे दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. देखरेख करणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडे तक्रार निवारण कक्ष असायला हवा. आपल्यापैकी किती जणांनी हा फलक पाहिला आहे? स्वागतकक्षात गणपतीची मोठी तसबीर असते, मत्स्यपेटी असते, विमा कंपन्यांची नावे असतात, दरपत्रक मात्र मागावे लागते, आणि मागणाऱ्याकडे "बिल भरणार ना?" अशा नजरेने पाहिले जाते. गृहनिर्माण सोसायट्या, महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ यांना हे काम सहज जमेल. चार-पाच जणांनी, कुणीही आजारी नसताना, आपल्या भागातल्या रुग्णालयात जायचे, फलक कुठे आहे ते विचारायचे आणि नसेल तर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना संघाच्या कागदावर पत्र लिहायचे. पत्राची पोच मात्र शिक्क्यानिशी घ्यावी.